गोळी चुकते त्या दिवशी : एचआयव्हीच्या औषधांच्या तुलनेची प्रस्तावना

कोल्हापूरकर ज्याला आजही थोरला दवाखाना म्हणतात, त्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातल्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या, केंद्रात आज नवा रुग्ण आला, तर बहुधा त्याच्या हाती दिवसाला एकच गोळी पडते. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे त्या गोळीत असतात. आद्याक्षरे जुळवून सगळे तिला टीएलडी म्हणतात. एप्रिल २००४ मध्ये भारत सरकारने एचआयव्हीवर मोफत उपचार सुरू केले, तेव्हा पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्या वेळी दिले जाणारे मिश्रण म्हणजे स्टॅव्हुडीन किंवा झिडोव्हुडीन, सोबत लॅमिव्हुडीन आणि तिसरे नेव्हिरापीन किंवा एफाव्हिरेंझ. पुढे स्टॅव्हुडीन गेले आणि टेनोफोव्हिर आले. २०२० नंतर एफाव्हिरेंझची जागा डोल्युटेग्राव्हिरने घेतली. लॅमिव्हुडीन मात्र पहिल्या दिवसापासून टिकून आहे. या बदलांचा सरळ अर्थ कुणीही असा लावेल, की जुने औषध कमजोर होते, नवे जोरदार आहे. या पुस्तकात औषधांची तुलना ज्या रीतीने केली आहे, ती हा अर्थ अपुरा मानते. तो का अपुरा आहे, हे सांगणे हेच या प्रस्तावनेचे काम.

आधी आकडे पाहू. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिंगल’ या चाचणीत डोल्युटेग्राव्हिरचे मिश्रण घेणाऱ्या शंभरातल्या ८८ जणांच्या रक्तात ४८ आठवड्यांनी विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला होता. एफाव्हिरेंझचे मिश्रण घेणाऱ्यांत हे प्रमाण ८१ होते. २०१९ मध्ये जोहान्सबर्गच्या ‘अॅडव्हान्स’ चाचणीत टेनोफोव्हिरच्या जुन्या (टीएलडीतल्या) रूपासोबत दिलेल्या डोल्युटेग्राव्हिरला ८५ आणि एफाव्हिरेंझला ७९ असे यश मिळाले. त्याच वर्षी कॅमेरूनमधल्या ‘नामसाल’ चाचणीत, जिथे रुग्णांची स्थिती आणि सोयी आपल्याकडच्या सरकारी केंद्रांशी जास्त जुळतात, हे आकडे ७४.५ आणि ६९ असे आले. म्हणजे तिन्ही चाचण्या मिळून फरक शंभरात पाच ते सात माणसांचा. हा फरक क्षुल्लक नाही. पण एवढ्यासाठी लाखो लोकांची औषधे बदलायची, साठे बदलायचे, डॉक्टरांपासून समुपदेशकांपर्यंत सर्वांना नव्याने शिकवायचे, हे पटण्याजोगे नाही. बदलाचे खरे कारण या टक्केवारीत दिसत नाही. सगळे नीट चालले असताना ही औषधे एकमेकांच्या जवळपासच उभी असतात. काहीतरी बिघडते तेव्हा ती एकमेकांपासून दूर जातात. गोळी चुकते, क्षयाची बाधा होते, दिवस राहतात, मधुमेह निघतो, साठा संपतो, गाव सुटते. औषधाची खरी परीक्षा अशा वाईट दिवशी होते आणि तुलनाही त्याच दिवसाची करायला हवी, हे माझे म्हणणे आहे.

वाईट दिवशी शरीरात काय होते, ते समजून घ्यायला विषाणूची रीत माहीत हवी. एचआयव्ही पेशीत शिरला की आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन, एफाव्हिरेंझ आणि नेव्हिरापीन ही औषधे निरनिराळ्या मार्गांनी ही पायरी अडवतात. तयार झालेला डीएनए पुढे पेशीच्या डीएनएत गुंफला जातो. डोल्युटेग्राव्हिर तिथे आड येते. शेवटी नव्या विषाणूची प्रथिने कापून जुळवली जातात. लोपिनाव्हिर, अॅटाझनाव्हिर, डारुनाव्हिर ही औषधे त्या कापाकापीला रोखतात. नक्कल करताना हा विषाणू सतत चुका करतो, आणि त्यांतली एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते. रक्तात औषध अर्धवट प्रमाणात असताना विषाणू वाढला, तर औषधाला न जुमानणारा वाण निवडून पुढे येतो. एफाव्हिरेंझ आणि नेव्हिरापीन यांच्याविरुद्ध विषाणूला एकच बदल पुरतो, आणि त्या एका बदलाने दोन्ही औषधे एकदम हातची जातात. डोल्युटेग्राव्हिर आपल्या जागी घट्ट बसते आणि सहसा सुटत नाही. त्याला निष्प्रभ करायला बहुतेक वेळा एकाहून जास्त बदल लागतात, आणि ते बदल विषाणूची स्वतःची वाढही मंदावतात. एक माणूस डोल्युटेग्राव्हिरवर आणि दुसरा एफाव्हिरेंझवर असेल, आणि चार दिवस गोळी चुकली, तर दोघांच्याही रक्तात विषाणू वाढेल. पण पाचव्या दिवशी गोळी पुन्हा सुरू झाल्यावर एकाचे औषध पूर्वीसारखे काम करील, दुसऱ्याचे कदाचित कायमचे निकामी झालेले असेल. ४८ आठवड्यांच्या टक्केवारीत हा फरक जेमतेम डोकावतो, आयुष्यभराच्या उपचारात मात्र तोच निर्णायक ठरतो.

चांगल्या दिवसाच्या आकड्यावर विसंबल्याने काय होते, याचे धडे या औषधांच्या इतिहासात लवकरच मिळाले. झिडोव्हुडीनला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. ते एकटे दिले की सीडीफोर पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या पांढऱ्या पेशी, वाढत, आणि पेशी वाढल्या म्हणजे आयुष्य वाढणार, हा तर्क सरळ वाटे. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये १७०० हून अधिक लोकांवर झालेल्या ‘काँकॉर्ड’ चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला, तेव्हा हा तर्क कोसळला. लवकर औषध सुरू केलेल्यांच्या पेशी जास्त होत्या, पण तीन वर्षांनी ते इतरांपेक्षा जास्त जगले नव्हते. एकट्या औषधाला विषाणूने वळसा घातला होता. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली ती याच धड्यावर. दुसरा धडा नेव्हिरापीनचा. प्रसूतीच्या वेळी आईला एक गोळी आणि बाळाला एक मात्रा एवढ्याने बाळाला होणारी लागण जवळजवळ निम्म्याने घटते, हे १९९९ मध्ये युगांडातल्या चाचणीने दाखवले. उपाय स्वस्त आणि सोपा होता. भारतासह अनेक देशांनी तो स्वीकारला आणि त्यातून असंख्य बाळे वाचली. पण नेव्हिरापीन रक्तात फार दिवस रेंगाळते. त्या एका गोळीने अनेक आयांच्या अंगात औषधाला न जुमानणारा विषाणू शिल्लक राहिला, आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या उपचाराची वेळ आली तेव्हा तेच औषध लंगडे पडले. बाळाच्या आकड्यात हे नुकसान मोजलेच गेले नव्हते. स्टॅव्हुडीनचेही तसेच. विषाणूवर त्याचा मारा चांगला होता, किंमत कमी होती, म्हणून गरीब देशांतले पहिले लाखो उपचार त्याच्यावर उभे राहिले. काही वर्षांनी गालांची चरबी उतरू लागली, तळपायांत मुंग्या आणि आग सुरू झाली. लहान गावात खोल गेलेले गाल हीच आजाराची जाहिरात ठरली. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीच्या, अहवालात हे औषध उत्तम होते, पण ते घेणाऱ्याला गावात तोंड लपवावे लागत होते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते मागे घेण्याचा सल्ला दिला.

आता हाच निकष कोल्हापूर जिल्ह्याला लावून पाहू. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या देशात सर्वाधिक महाराष्ट्रात, चार लाखांच्या आसपास आहे, आणि कोल्हापूर-सांगली-मिरज हा पट्टा साथीच्या सुरुवातीपासून तिच्या झळा सोसत आला आहे. या जिल्ह्यातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. इचलकरंजीत यंत्रमाग रात्रपाळीलाही चालतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गोळी चुकणे हा अशा आयुष्यात अपवाद नसतो. पहाटे फडात जाणाऱ्या, पालात राहणाऱ्या, शेजाऱ्यांच्या नजरा चुकवून गोळी घेणाऱ्या बाईला रोज ठरलेली वेळ पाळायला सांगणे सोपे आहे, पाळणे नाही. एफाव्हिरेंझने अनेकांना पहिल्या आठवड्यांत गरगरते, विचित्र स्वप्ने पडतात. भारतीयांत हे औषध शरीरातून सावकाश बाहेर पडणाऱ्या जनुकीय ठेवणीची माणसे कमी नाहीत, आणि त्यांना हा त्रास जास्त जाणवतो. रात्रपाळीच्या मागवाल्याने किंवा ट्रकचालकाने अशी गोळी झोपताना घ्यायची म्हणजे नेमकी कधी? झिडोव्हुडीनने रक्त कमी होते. आधीच पांडुरोगी असलेल्या बायांचे प्रमाण जिथे मोठे आहे, तिथे हा दोष पुस्तकी राहत नाही. टेनोफोव्हिर मूत्रपिंडावर आणि हाडांवर लक्ष ठेवायला लावते, पण कावीळ-ब चा विषाणूही तेच आवरते, म्हणून अशा रुग्णाचे टेनोफोव्हिर बंद करताना यकृताचा विचार आधी करावा लागतो.

डोल्युटेग्राव्हिरही या कसोटीवर बिनचूक उतरत नाही, आणि तुलना प्रामाणिक असेल तर ते सांगितले पाहिजे. क्षय हा एचआयव्हीचा सर्वांत जुना सोबती. क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते, की डोल्युटेग्राव्हिर रक्तातून लवकर संपते. त्यामुळे ते दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने द्यावे लागते. एफाव्हिरेंझला अशी जोड लागत नाही. नेव्हिरापीन तर या बाबतीत आधीच मागे पडले होते: चेन्नईच्या क्षयरोग संशोधन संस्थेतल्या चाचणीत क्षयाच्या रुग्णांना दिवसातून एकदा दिलेले नेव्हिरापीन एफाव्हिरेंझपुढे इतके उणे ठरले की रुग्णभरती मध्येच थांबवावी लागली. दुसरी अडचण गरोदरपणातली. सरकारी दवाखान्यात प्रत्येक गर्भवतीला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, आणि त्या उपाशीपोटी डोल्युटेग्राव्हिरसोबत घेतल्या तर औषध नीट शोषले जात नाही. जेवणासोबत घेतल्या तर अडचण नाही. पण हे सांगणारे कुणीतरी हवे. तिसरी अडचण मधुमेहाची. डोल्युटेग्राव्हिरमुळे रक्तातले मेटफॉर्मिन लक्षणीय वाढते, म्हणून मेटफॉर्मिनची मात्रा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. एचआयव्हीचे औषध थोरल्या दवाखान्यात आणि साखरेचे औषध कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, ही स्थिती आपल्याकडे नित्याची आहे. आजार लपवावा लागतो तिथे दोन औषधांचे आपसातले वैर दोन्ही डॉक्टरांपासून लपून राहते.

याच ठिकाणी पहिला आक्षेप येतो. वाईट दिवस हाच निकष असेल, तर डारुनाव्हिर पहिले का नको? युगांडा, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या ‘नादिया’ चाचणीत पहिले मिश्रण फसलेल्या ४६४ लोकांना डोल्युटेग्राव्हिर किंवा डारुनाव्हिर दिले गेले. अनेकांच्या विषाणूने सोबतच्या औषधांना आधीच दाद देणे सोडले होते, तरी ४८ आठवड्यांनी दोन्ही गटांत शंभरातले नव्वदच्या आसपास लोक सुस्थितीत होते. डोल्युटेग्राव्हिर गटात काही थोड्यांत प्रतिरोध, म्हणजे औषधाला न जुमानणारा विषाणू, निर्माण झाला, डारुनाव्हिर गटात तो आढळला नाही. आक्षेप म्हणूनच वजनदार आहे. पण प्रतिरोध हे वाईट दिवसाचे एकच रूप आहे. डारुनाव्हिरला रिटोनाव्हिरची जोड लागते, पोट बिघडते, गोळ्यांची संख्या आणि खर्च वाढतो, आणि रिफाम्पिसिनसोबत ते देताच येत नाही. ज्या जिल्ह्यात एचआयव्हीसोबत सर्रास येणारा दुसरा आजार क्षय आहे, तिथे क्षय निघाल्याच्या दिवशी हे औषध हात वर करते. म्हणून ते राखून ठेवणे शहाणपणाचे. नादियाच्या निकालाने आणखी एक उपयोगी गोष्ट पक्की केली. लॅमिव्हुडीनला हरवणारा बदल झाला की विषाणू दुबळा होतो आणि टेनोफोव्हिरला अधिक वश होतो. पहिले मिश्रण फसले की टेनोफोव्हिर सोडून झिडोव्हुडीनकडे वळायचे, ही वर्षानुवर्षांची रीत त्यामुळे अनावश्यक ठरली.

दुसरा आक्षेप वजनाचा आहे. डोल्युटेग्राव्हिरने माणसे जाड होतात, आणि मधुमेह, रक्तदाब वाढत असलेल्या समाजात हा दोष लहान कसा मानायचा? अॅडव्हान्स चाचणीतल्या स्त्रियांचे वजन ४८ आठवड्यांत एफाव्हिरेंझवर सरासरी दोन किलोंच्या आत वाढले, टीएलडीसारख्या मिश्रणावर सुमारे तीन किलो, आणि टेनोफोव्हिरच्या नव्या रूपासोबत सहा किलोंहून जास्त. यातला सर्वांत मोठा आकडा आपल्याकडच्या गोळीचा नाही, हे आधी लक्षात घ्यावे. शिवाय एफाव्हिरेंझ आणि जुने टेनोफोव्हिर ही दोन्ही वजन दाबून ठेवतात, असे संशोधकांना पुढे दिसले. त्यांच्याशी तुलना केली की नवे औषध वाढवते त्याहून जास्त वाढवताना दिसते. तरीही उरलेली वाढ खरी आहे. तिचे उत्तर औषध नाकारण्यात नाही, एआरटी केंद्रातच कंबरेचा घेर, रक्तदाब आणि साखर तपासण्यात आहे. गर्भाच्या मज्जारज्जूतल्या दोषाची भीती मात्र अगदी निराळी निघाली. २०१८ मध्ये बोत्स्वानातून बातमी आली, की गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्या ४२६ स्त्रियांपैकी चौघींच्या बाळांत असा दोष आढळला. अनेक देशांनी लगेच तरुण स्त्रियांना हे औषध नाकारले. पुढे हजारो प्रसूतींची नोंद जमली तेव्हा प्रमाण इतर औषधांइतकेच उतरले. मधल्या काळात पुरुषांना चांगले औषध आणि बायकांना जुने, असा भेद झाला, आणि तो बहुतेक ठिकाणी त्यांना न विचारता झाला. छोट्या आकड्यावरून इशारा देणे योग्यच होते. त्यावरून स्त्रीची निवड काढून घेणे योग्य नव्हते.

तिसरा आक्षेप स्वस्ताईचा. सगळ्यांना एकच गोळी म्हणजे सरकारी काटकसर, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. स्वस्त म्हणजे दुय्यम हा समज या क्षेत्रात तरी मुंबईने मोडला आहे. तिथल्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरापीन यांचा वर्षभराचा उपचार माणशी ३५० डॉलरना देऊ केला. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांचा असा उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. हे शक्य झाले ते १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्यात औषधावर पेटंट नव्हते, ते बनवण्याच्या कृतीवर होते. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची तीन औषधे एका गोळीत भरण्याची मुभा भारतीय कारखान्यांना होती. २००५ मध्ये कायदा बदलला. डोल्युटेग्राव्हिर नव्या कायद्याच्या काळातले. २०१४ च्या परवाना करारानंतरच भारतीय कंपन्या ते बनवू लागल्या, आणि २०१७ मध्ये टीएलडीचा भाव गरीब देशांसाठी वर्षाला सुमारे ७५ डॉलर ठरला. म्हणजे इथे चांगले औषधच स्वस्त झाले. सगळ्यांना एकच मिश्रण असण्याचा लाभ हिशेबापलीकडचाही आहे. बीडचा मजूर हंगामात कोल्हापूरच्या केंद्रातून गोळ्या घेतो तेव्हा त्याला तीच गोळी मिळते. पण एकाच गोळीवर सगळे अवलंबून असले, की तिचा तुटवडा सगळ्यांना एकदम भोवतो. जुलै २०२२ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर धरणे धरले ते याच कारणाने. रुग्णाची गोळी चुकली की त्याला समुपदेशकाकडे पाठवतात. व्यवस्थेची गोळी चुकली तर तिला कुणाकडे पाठवायचे, हा प्रश्न तुलनेच्या बाहेर ठेवता येत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. चुका पोटात घालणारे औषध दिले, तर रुग्ण आणि केंद्र दोघेही सैल पडतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाने या शंकेला आधार दिला आहे. पाहण्या झालेल्या ठिकाणी डोल्युटेग्राव्हिरला प्रतिरोध ३.९ ते ८.६ टक्के आढळला, आणि व्हायरल लोड जास्त असतानाच ज्यांना या औषधावर आणले गेले, त्यांच्यात तो १९.६ टक्क्यांपर्यंत पोहोचला. यावरून औषध फसले असा निष्कर्ष निघत नाही. विषाणू उसळलेला असताना तो न मोजता गोळी बदलणे महागात पडते, एवढे मात्र निघते. वाईट दिवस आला आहे हे कळण्याचा भरवशाचा मार्ग व्हायरल लोडची तपासणी हाच आहे. ती वेळेवर झाली नाही आणि अहवाल महिनोन्‌महिने आला नाही, तर औषधाची सहनशीलता आपण उधळून टाकतो. व्हायरल लोड दाबलेला राहण्याचे मोल रुग्णापुरते नसते. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग असलेल्या ‘एचपीटीएन ०५२’ या चाचणीने २०११ मध्ये दाखवले, की लवकर उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. आज आपण जाणतो, की विषाणू सातत्याने मोजणीखाली असलेल्या माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होतच नाही. एका माणसाची चुकलेली गोळी म्हणूनच घरातल्या दुसऱ्या माणसाशी बांधलेली असते.

गोळीची जागा आता इंजेक्शन घेऊ पाहते आहे. कॅबोटेग्राव्हिर आणि रिल्पिव्हिरीन दोन महिन्यांतून एकदा टोचतात. लेनाकॅपाव्हिर सहा महिन्यांतून एकदा, आणि ते बनवण्याचा परवाना मिळालेल्यांत पुण्याची एमक्युअर ही कंपनीही आहे. अमेरिकेतल्या ‘लॅटिट्यूड’ चाचणीत मुद्दाम अशी माणसे घेतली होती, ज्यांना रोजच्या गोळ्या जमत नव्हत्या. तिथे इंजेक्शन सरस ठरले. चाचणीच वाईट दिवसावर बेतली, तर फरक कसा उघड होतो, त्याचा हा दाखला. पण इंजेक्शनलाही त्याचा वाईट दिवस आहे. ठरलेली सुई चुकली तर औषध महिनोन्‌महिने विरळ प्रमाणात अंगात रेंगाळते, आणि नेव्हिरापीनची जुनी कहाणी नव्या रूपात घडू शकते. पहिली जोडी रिफाम्पिसिनसोबत चालत नाही, कावीळ-ब वर काम करीत नाही. पुढील प्रकरणांत प्रत्येक औषध या क्रमाने तपासले आहे: चुकल्यावर काय होते, क्षयात काय होते, गरोदरपणात आणि इतर आजारांत काय होते, आणि साठा संपला तर पर्याय काय उरतो. विषाणू किती दाबला जातो, हा आकडा प्रत्येक ठिकाणी आहेच, पण तो पहिल्या रकान्यात मुद्दाम ठेवलेला नाही. ही तुलना वाचून कुणी आपली गोळी आपणच बदलू नये; तो निर्णय केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावा. पण ते बोलणे बरोबरीचे व्हायचे असेल, तर रुग्णाने आपला दिवस कसा जातो, कामाची पाळी कोणती, गावाला कधी जातो, घरात कोणाला माहीत आहे, हे सांगितले पाहिजे आणि डॉक्टरांनी ते विचारले पाहिजे. सीडीफोर आणि व्हायरल लोड यांच्याइतकीच ही माहितीही औषध निवडण्याचा पुरावा आहे, आणि ती न विचारता केलेली निवड, औषध कितीही नवे असले, तरी अर्ध्या माहितीवरची निवड ठरते.